किंकाळीनंतरचं हसू

"ती हसते, कारण तिला ते मूल नकोच होतं," चष्मेवाला म्हणाला, आणि अंधारातल्या निम्म्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलीने शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. आई शांत होती. तिने अंगावरची शाल सारखी केली आणि हात मांडीवर ठेवले, रोज सकाळी दिव्यापुढे बसल्यावर ठेवायची तसे.

बाहेर दुपार होती. पण खिडक्यांचे जाड पडदे ओढून जमलेल्या मंडळींनी सभागृहात संध्याकाळ केली होती. छताला दोऱ्यांनी कापसाचा बर्फ टांगला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो संथ डोलत होता, पडत मात्र नव्हता. दरवर्षी नाताळच्या तोंडावर हे सिनेमावेडे इथे जमायचे आणि तोच जुना भयपट पाहायचे. आत्ताही तो समोर चालू होता. बर्फात अडकलेलं घर. धुराड्यातून कोणीतरी उतरतं. दाढी पांढरी, अंगरखा लाल, पण भेटी द्यायला आलेलं नसतं. पाळण्यातलं मूल झोळीत घालून ते निघून जातं. आई किंचाळते. आणि किंकाळी विरता विरता, अगदी शेवटी, एक बारीकसं हसू ऐकू येतं.

त्या एवढ्याशा हसण्यावर ही माणसं वर्षानुवर्षं भांडत होती.

"धुराड्याखालची शेकोटी तिनेच विझवली ना?" चष्मेवाला हट्टाला पेटला होता. "वाट मोकळी करून दिली बाईने. मूल गेलं, सुटले एकदाची, असं हसू आहे ते."

"अरे, लाकडं संपली होती म्हणून विझली!" लाल लोकरी टोपी घातलेली एक बाई मागून ओरडली. "जन्मात कधी चूल पेटवली आहेस का? ते हसू झोळीतल्या बाळाचं आहे."

"तान्हं बाळ असं हसतं? काहीही हं, ताई!"

सगळे हसले. मग सगळ्यांच्या माना मुलीच्या आईकडे वळल्या. पडद्यावरची नटी दुसरी होती. तिला मनासारखं किंचाळता येईना, म्हणून ती किंकाळी आईने दिली होती. इथे तिला सगळे किंकाळीमावशी म्हणत होते, आणि ते इतक्या मायेने, की ऐकायला वाईट वाटत नव्हतं.

"मावशी, आज निकाल लावूनच टाका," टोपीवाली म्हणाली. "बोलू नका, नुसती मान हलवली तरी चालेल."

मुलीला इथे यायचंच नव्हतं. आवाज देणं हे आईचं काम होतं. जाहिराती, बाहुल्यांचे खेळ, कोणाचं रडणं, कोणाची उचकी. तो भयपट शेवटचा. मुलगी तेव्हा पोटात होती. पुढे आईने काम सोडलं ते सोडलंच. आत्या चारचौघांत म्हणायची, "कसला गळा होता वहिनीचा! ही पोटात आली आणि सगळं पाण्यात गेलं." असं कोणी म्हटलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. दूध उतू जात नसलं तरी जायची. तिच्या त्या उठून जाण्याचा अर्थ लावत मुलगी मोठी झाली होती. चष्मेवाल्याने लावलेला अर्थ तिला नवा नव्हता.

मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आईचा आवाज गेला. आता ती पाटीवर लिहायची, पण कामापुरतं. गोळ्या संपल्या. खिडकी लाव. मी तुला हवी होते का, हे विचारायला मुलीने उशीर केला होता. त्याचं उत्तर पाटीवर मावेल असं तिला वाटत नव्हतं.

"शू!" कोणीतरी म्हणालं. "आलं, आलं!"

पडद्यावरची बाई रिकाम्या पाळण्याकडे धावत होती. या क्षणी चित्र बघायचं नाही, फक्त ऐकायचं, असा या मंडळींचा रिवाज होता. टोपीवाली उठली आणि तिने आपली टोपी चित्र फेकणाऱ्या यंत्राच्या भिंगावर अडकवली. घर, बर्फ, पाळणा, सगळं नाहीसं झालं. लोकरीतून झिरपलेला तांबूस उजेड तेवढा भिंतीभर पसरला, मिटलेल्या पापण्यांआड दिसतो तसा. त्या उबदार उजेडात सगळे डोळे मिटून बसले.

आणि आईचा आवाज आला.

तरुण, धारदार, अखंड. कापसाचा बर्फही थरथरल्यासारखा वाटला. हा आवाज आता जगात फक्त इथे उरला होता. किंकाळी चढत गेली, मग उतरू लागली, आणि तिच्या टोकाशी ते हसू फुटलं. कोणीतरी मागून हळूच हाक मारल्यावर माणूस दचकून हसतं, तसं.

टोपी निघाली. पंखा थांबवला गेला. "सांगा ना, मावशी," चष्मेवाला आता अगदी हळू म्हणाला. त्याने वही आणि पेन पुढे केलं.

आईने पेन बाजूला सारलं. तिने मुलीचा हात धरला, तळवा उघडला आणि शालीवरून आपल्या पोटावर टेकवला. मग स्वतःचा हात शालीखाली नेला. मुलगी काही विचारणार, एवढ्यात शालीखालून, आतून, तिच्या तळव्याला एक हलकीशी टिचकी लागली. मुलगी दचकली. आईचे खांदे आवाजाशिवाय हसत होते. डोळे भरले होते. शालीतून हात काढून तिने एक बोट मुलीच्या छातीवर टेकवलं.

"काय म्हणाल्या?" मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या. "कोण हसलं? का हसलं?"

मुलीने हात तिथून काढला नाही.

"मी लाथ मारली होती," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."