तिसरा हात

बाबांनी तीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. दोन हात पुरायचे नाहीत, म्हणून शिशाची तार सगळेच दातांत धरायचे. दातांना थट्टेनं ‘तिसरा हात’ म्हणायचे.

आता बाबांना लेकीचं नावही आठवत नव्हतं, आणि कारखान्याचा साहेब छापील कागद घेऊन घरी आला होता. ‘कामाच्या जागी मला कसलाही अपाय झाला नाही.’

“विसरायला वयामुळेच होतं हो. शिशाचा काय संबंध?” साहेब लेकीला म्हणाला. “काका, इथं सही करा बरं.”

त्या गोडगोड आवाजाची तिला शिसारी आली.

साहेबानं आपलं सोनेरी पेन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते उलटसुलट पाहिलं, दातांत आडवं धरलं आणि दोन्ही हातांनी कागदावर न दिसणारे सांधे जोडायला घेतले.

“अहो, तोंडात काय घालताय!” साहेब ओरडलाच. “मुलामा आहे त्याला, पोटात गेला तर बाधेल!”

लेकीनं एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“हेच लिहा, साहेब. आणि खाली तुमची सही करा.”