नखावरचा थेंब

राहू गावच्या गुऱ्हाळावरून पदराला हात पुसत बानूबाई घरी आली, तर मांजरी कोपऱ्यात मान टाकून पडलेली. शिरूरच्या भाचीनं, मांजरीला कुणी कायमचं पाळणारं मिळेपर्यंत, भरवशानं सोपवलेली, डायबेटिसची पेशंट. बानूबाईनं तिच्या कानाला सुई टोचली, थेंबभर रक्त अंगठ्याच्या नखावर घेतलं, पट्टीला लावलं. मशीननं पाचशेबारा दाखवले. “साखर लई चढली! इन्सुलिन टोच बिगीबिगी, न्हाईतर मरंल,” नवरा ओरडला. तिनं सिरिंजचं टोपण ओढलं, ते अंगठ्यालाच चिकटून बसलं. हात झटकला, सुटेना. “आवं थांबा! ही साखर मांजरीची न्हाई, माझ्या हाताच्या गुळाची हाय!” हात खसाखसा धुऊन पुन्हा कान टोचला. आकडा एकोणचाळीस. साखर पार तळाला गेलेली. सिरिंज फेकून तिनं तोच धुतलेला अंगठा काकवीच्या बरणीत बुडवला आणि मांजरी कडकडून चावेपर्यंत तिच्या हिरड्यांवर चोळत राहिली.