एका गावाला एकच ठेका

लोहाऱ्याला खानावळ काढायची, म्हणून मी आबकारीच्या दरोग्यापुढं जाऊन उभी राहिले.

"दारूचा परवाना कसला पायजे, रुद्रम्माबाई? गिऱ्हाइकाला बसवून पाजायचा, का नुसत्या बाटल्या इकायचा?"

"दोन्ही लिव्हा. शिंदीचाबी लिव्हा."

संगं आलेला माझा लेक गुंडप्पा चवताळला. "अव्वा, गळ्यात लिंग आन् दारू इकणार? लोक तोंडावर थुंकतील!"

"तोंड माझं हाय. मी पुशीन."

दरोग्याला इचारलं, "मग गावात दुसऱ्या कुणाला इकता येतंय का?"

"बिल्कुल न्हाय. एका गावाला एकच ठेका. चोरून इकली तर कैद."

मी अंगठा उठवला. निजामाची मोहर बसली. मग लेकाकडं वळले.

"चोरून पितोस ते मला ठाव हाय, गुंडू. उद्यापासनं गिलास अव्वापुढं धरायचा."