फटाकडीच्या मागे

राहू गावच्या सारजाबाईंच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. त्यांचे यजमान आनंदराव गणपतीत भीमेवर जाळं टाकायला गेले, ते परतलेच नाहीत. दिवाळीनंतर मी तिथेच काढलेला फटाकडी या पाणपाखराचा फोटो त्यांनी वाचनालयातल्या पेपरात पाहिला आणि लिहिलं, "पाखराच्या मागं पाण्यात टोपी घातल्यालं आमचं मालक हायत का? लोक म्हणत्यात, दिवसकार्य उरका. तेवढं कळवा."

फोटोतली ती काळी आकृती मला लव्हाळ्याची सावली वाटली होती. पण माझ्या म्हाताऱ्या नजरेचा काय भरवसा?

काल सकाळी पुन्हा त्याच जागी गेलो. होडीवाला सुभान हसला. "आबा, सूर्य डोळ्यावर घिऊन फोटू? समदं काळंच येणार की!"

"पाखराच्या कडेनं उजेडाची रेघ येते," मी पुटपुटलो.

बऱ्याच वेळाने ती लाजरी फटाकडी लव्हाळ्यातून बाहेर आली. मी तीन फोटो काढले आणि लगेच कॅमेऱ्यात पाहिले. पहिल्यात तिच्या प्रतिबिंबामागे टोपी घातलेल्या माणसाचं प्रतिबिंब होतं. पाण्याच्या वर मात्र कुणीच नव्हतं. दुसऱ्यात ते तिच्या पुढे आलं होतं. तिसऱ्यात फोटोच्या खालच्या कडेला, आमच्या होडीजवळ.

"सुभान, माघारी चल."

त्याने वल्हं उचललं आणि माझ्या बाजूला पाहिलं. "आबा, पाण्यात हात घातला व्हता व्हय?"

होडीच्या काठावर चार ओली बोटं उमटली होती. माझे हात कोरडे होते.

आज दौंडच्या पोस्टात उत्तर टाकलं: "सारजाबाई, फोटोत तेच आहेत. कार्य लवकर उरका."