दुसरी भाकरी

"गोळी हातात देऊन निघू नको. समोर गिळायला लाव. गिळेपर्यंत तिथनं हलायचं नाही."

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांची ही ताकीद आशाताई प्रयागबाई दोन महिने पाळत होती. तळेघरहून वाडीपर्यंत रोज पाऊण तास चालायचं. चिमाबाईच्या हातावर टीबीच्या गोळ्या ठेवायच्या. म्हातारीचा गळा हलला की मगच कार्डावर खूण करायची.

पहिल्या महिन्यात चिमाबाईचं वजन दोन किलो वाढलं. दुसऱ्या महिन्यात तीन किलो उतरलं. "औषध लागू पडत नसेल," सिस्टर म्हणाल्या.

आज प्रयागबाईचा सोमवारचा उपास होता, निरंकार, पाणीसुद्धा नाही. गोळ्या देऊन ती निघाली आणि ओट्यावर राहिलेलं कार्ड घ्यायला परत फिरली. चिमाबाई अंगणातल्या चुलीपुढं वाकली होती. गालातल्या गोळ्या काढून राखेत खुपसत होती. प्रयागबाईनं काडीनं राख उकरली. आणखी निघाल्या.

"आजी, मरायचंय का?"

"न्हाई गं. लई जगायचंय. पर ही गोळी पोटात गेली की भूक लागती." म्हातारीनं आवाज खाली आणला. "आधी अन्नावर वासना नव्हती, तवा सून म्हणायची, खा की दोन घास. आता दुसरी भाकरी मागितली तर म्हणती, आत्या, हा आजार हाय का खा-खा?"

तेवढ्यात सून हर्षाली बाहेर आली. हातात गाईचा घास. आख्खी भाकरी, वर गूळ. तिनं गाईला भरवलं, हात जोडले आणि ती आत गेली.

"मी सोपानभाऊंशी बोलते."

"नको, प्रयागा. लेकाच्या कानावर घालू नको. घरात रोज भांडण व्हईल."

"बरं, न्हाई सांगत. पण उद्यापासनं गोळी पोटात गेली पाहिजे."

"आन् भूक लागली मंजी? तुझ्या उपासाकडं देव तरी बघतो. माझ्या भुकंकडं कोण बघंल?"

प्रयागबाईच्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. इतकी रिकामी ती आजवर कधी झाली नव्हती.

"मी बघीन," ती म्हणाली.

मंगळवारी तिनं उजाडायच्या आत चूल पेटवली. तव्यावरच्या पहिल्या दोन नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधल्या. घरात कुणाला काही न बोलता तिनं वाडीची वाट धरली. पिशवीत गोळ्या होत्या आणि भाकरी. दोन्ही गिळेपर्यंत तिथनं हलायचं नव्हतं.