जोडीदाराचा खुराक

आण्णांनी एनर्जी जेलची पुडी दातांनी फाडली आणि प्रेरणाच्या हातात ठेवली. रंकाळ्याच्या वळणावरून पळत येणाऱ्या संयोगितानं ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुडी तिची होती. आण्णा तिचे वडील होते. आणि प्रेरणा म्हणजे या हाफ मॅरेथॉनमध्ये दरवर्षी तिला मागं टाकणारी हातकणंगल्याची पोरगी!

यंदा एकदा तरी पहिलं यायचंच, म्हणून संयोगितानं सगळं नीट केलं होतं. कॉफीच्या चवीच्या जेलनं सरावातच पोटात ढवळलं, ते सोडून दिलं. संत्र्याचं मानवलं, तेच घेतलं. पाय गळायच्या आधी जेल खायचं, वर पाणी प्यायचं. एक पुडी तिनं वाटेत संपवली होती. दुसरी शेवटच्या टप्प्यासाठी आण्णांकडे होती. मघाशी प्रेरणा गुडघ्यांवर हात टेकून थांबलेली दिसली, तेव्हा संयोगिताला आनंद झाला होता. अगदी खराखुरा.

"आण्णा, ती पुडी माझी हाय की!"

"तिचा खुराक वाटंत पडलाय," एकेकाळचे पैलवान आण्णा तिच्याहून मोठ्यानं ओरडले. "उपाशी जोडीदाराला पाडून कसली गं कुस्ती? पळ तू!"

ती रागारागानं पळाली. राग काही फार लांब पुरला नाही. पाय जड झाले आणि मागून पावलं वाजली. प्रेरणा शेजारी आली. तिनं चिकट हातानं पुडी पुढं केली.

"अर्धी ठेवलीया. संपव लवकर, मला पुढं जायचंय."

संयोगितानं पुडी तोंडात पिळली, पाण्याचा घोट घेतला आणि मग दोघी सुटल्या. बंदोबस्ताचे पोलीससुद्धा आरडाओरडा करू लागले. एरवी संयोगिता पोचायची, तेव्हा प्रेरणा पाणीबिणी पिऊन सावलीत बसलेली असायची. आज फीत आधी कुणाच्या छातीला लागली, यावर पंच आपसात भांडत होते. शेवटी त्यांनी प्रेरणाचं नाव पुकारलं.

आण्णा गर्दीतून वाट काढत आले. त्यांना लेकीकडे बघवेना. "चुकलंच गं माझं. द्याला नको हुतं."

संयोगिता घामानं निथळत होती आणि हसत होती.

"पुढच्या वर्षी दोन पुड्या आणा, आण्णा. तिला बी आख्खी द्या."