उलटतपासणी

"गोळ्यांनी निदान झोप लागते. तुमच्या गप्पांनी काय होणार?" भार्गवराव खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले. बायको गेल्यापासून ते नैराश्याच्या गोळ्या घेत होते. आता डॉक्टरांनी समुपदेशनालाही पाठवलं होतं, आणि समोरची मैथिली तर त्यांच्या नातीच्या वयाची होती.

"गोळ्या चालूच ठेवायच्यात, आजोबा. सकाळी उठल्यावर काय करता?"

"जन्मभर कोर्टात उलटतपासण्या घेतल्या मी. इतका बाळबोध प्रश्न शिकाऊ वकीलही विचारत नाही." ते तुच्छतेने हसले. "रेडिओ लावतो. मोठ्याने. शेजारी बोंबलतात, बोंबलू देत."

"मोठ्याने का?"

"कारण घर शांत असलं की..." ते अडखळले. "हिला दमा होता. सकाळभर खोकायची. आता तो खोकला नाही, हेच सारखं ऐकू येतं."

हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं. या पोरीपुढे ते तोंडातून निघून गेलं, याचा त्यांना भयंकर संताप आला.

"याला उपचार म्हणतात?" डोळे पुसत ते फिस्कारले. "गोळी असल्या चौकशा तरी करत नाही."

मग खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "हं. पुढचा प्रश्न तरी धड विचार."